माणसं सोडून साडेआठशे किलो

"कुकर, शिट्टीसकट, दोन किलो आठशे," बाबांनी जाहीर केलं आणि ओवीने ते लॅपटॉपवर टिपून घेतलं.

कुकर स्वयंपाकघराच्या मधोमध हवेत लटकत होता. त्याच्या कानात बॅगा तोलायच्या काट्याचा हुक अडकवलेला होता, आणि काटा बाबांच्या हातात होता. दोह्यातल्या भारतीय घरात एक वेळ देवघर नसेल, पुस्तकांचं कपाट तर बहुतेक नसेलच, पण हा हुकवाला काटा नसेल तर ते घर नाही, हॉटेल आहे असं समजावं. आणि या काट्याच्या शास्त्रात ओवीच्या बाबांचा, म्हणजे नंदकुमार ऊर्फ नंदू यांचा, अधिकार अख्खी बिल्डिंग मानायची. तीस किलोच्या हद्दीत सदतीस किलो कसे बसवावेत, हे विचारायला लोक तिसऱ्या मजल्यावरून खाली यायचे. मागच्या जुलैत बाबा दोन किलो बदाम आणि दूध पावडर जॅकेटच्या खिशांत कोंबून नाशिकला निघाले होते. बाहेर पंचेचाळीस डिग्री. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "सर, जॅकेट?" तर बाबा घामाने निथळत म्हणाले, "फॅशन."

असा माणूस घरात असताना वजनाची काळजी कुणी करायची?

पण या वेळी प्रश्न विमानाचा नव्हता. प्रश्न होता कॅम्परचा.

म्हणजे कसं, की पिकअपच्या पाठीवर एक बुटकं खोकं बसवायचं. मुक्कामी पोचलं की त्याचं छप्पर वर ढकलायचं, चारी बाजूंनी कापडी भिंती ताणल्या जातात आणि आत ओटा, सिंक, गादी असलेली खोली तयार होते. निघताना छप्पर पुन्हा खाली. त्यामुळे वाऱ्याला गाडी हेलपाटत नाही आणि पार्किंगच्या शेडखालीही शिरते. बाबांच्या कंपनीतले स्टोअर सुपरवायझर जहूरकाका त्यांचा असा कॅम्पर विकत होते. बाबांकडे दोन वर्षांपासून चार दारांची पिकअप होती. 'ऑफ-रोडिंग'साठी घेतलेली. आत्तापर्यंत तिने एकदा शेजाऱ्यांचं वॉशिंग मशीन वाहून नेलं होतं. तेही डांबरी रस्त्यावरून.

आणि ओवीला तो कॅम्पर हवा होता. साधासुधा नाही, दात दुखतो तसा हवा होता. कारण ऐका. पंधरा वर्षं या देशात राहून तिने वाळवंटातली सकाळ पाहिलेली नव्हती. संध्याकाळ पाहिली होती, दर हिवाळ्यात पाच-सहा तरी. कुणाच्या तरी कॅम्पवर जायचं, शेकोटीपाशी मक्याची कणसं खायची, आणि आठ वाजले की आईची कंबर बोलायला लागायची. आई, म्हणजे नमिता, हिच्या मणक्यातली एक चकती सरकलेली होती. जमिनीवर झोपणं बाद. शिवाय टॉयलेटचं काय, हा तिचा सवाल असा होता की त्यापुढे भलेभले तंबूवाले गार पडायचे. मग बाबा म्हणायचे, "यल्ला, निघू या, ट्रॅफिक लागेल." रात्री आठला. वाळवंटात. ट्रॅफिक! आणि सुट्टी संपून शाळा भरली की वर्गातली जिया सांगायची, "यार, सकाळी ना, आवाजच नसतो कसला." ओवीने हे वाक्य तीन वर्षं ऐकलं होतं. पुढचं वर्ष दहावी बोर्डाचं. म्हणजे हा हिवाळा गेला की खलास.

सप्टेंबरात तिच्या दातांची तार निघाली, ऑक्टोबरात ती डिबेट टीममध्ये गेली, आणि नोव्हेंबरपासून तिचं तोंड मिटलेलं घरात कुणी पाहिलं नव्हतं. तिने चौतीस स्लाइड्स केल्या, 'पॉप-अप कॅम्पर घेताना काय काय बघावं', आणि टीव्हीवर लावून सगळ्यांना बसवलं. बाबा इतके खूश झाले की म्हणाले, "आजपासून तू प्रोजेक्ट लीड. तू हो म्हणशील तर घेऊ, नाही म्हणशील तर नाही." आयुष्यात पहिल्यांदा या घरात कुणी तिला पडद्याच्या रंगापेक्षा मोठं काही विचारत होतं.

पहिलीच स्लाइड वजनाची होती. पिकअपच्या दाराच्या कडेला एक स्टिकर असतो. त्यावरून गाडी किती भार पेलते ते कळतं. यांच्या गाडीचं उत्तर होतं साडेआठशे किलो.

"साडेआठशे!" बाबांचे डोळे पाणावले. ज्याने आयुष्य तीस-तीस किलोंत काढलं, त्याला कुणीतरी साडेआठशे दिले होते.

मग हिशेब सुरू झाला. रिकामा कॅम्पर पाचशे पंचेचाळीस. छतावरचा एसी पस्तीस. पाण्याची टाकी भरली की ऐंशी. बॅटरी आणि गॅस चाळीस. झाले सातशे. उरले दीडशे, त्यात घरातलं सामान. तीन दिवस काटा खाली ठेवला गेला नाही. चादरी, कढई, मसाल्याचा डबा, खुर्च्या, आईची गरम पाण्याची पिशवी. गुरुवारी आकडा आला आठशे चाळीस.

"दहा किलो शिल्लक," बाबा विजयी मुद्रेने म्हणाले. "नमिता, हे तुला. वाढदिवसाचं समज."

आईने क्षणभर विचार केला आणि पोळपाट, लाटणं, लोखंडी तवा, पाच किलोचा कणकेचा डबा आणि तिळाच्या चटणीची बरणी आणून ठेवली. नऊ किलो नऊशे साठ. वरून दोन लिंबं ठेवली. दहा.

"ग्रेट," म्हणाली बबीताआत्या. ही बाबांची धाकटी बहीण. अल नस्रमध्ये एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर असते, तिथेच राहते, पण दर गुरुवारी पिशवी घेऊन इकडे हजर. ती कॅम्परच्या बाजूने एवढी होती की न पाहताच त्याला 'आपला बंगला' म्हणत होती. "काय बसवलंय रे नंदूदादा! एक ग्रॅम इकडे नाही की तिकडे नाही."

शुक्रवारी दुपारी चौघं सगळ्या सामानासकट जहूरकाकांच्या व्हिलापाशी पोचली. सामान कशाला? तर ट्रायल. बाबांचा नियमच आहे, बॅग भरून उचलून बघितल्याशिवाय बॅग भरली असं म्हणायचं नाही.

कॅम्पर अंगणात चार लोखंडी पायांवर उभा होता. जहूरकाका रत्नागिरीचे; माणूस गोड, पण विकायला उभा राहिला की खारा वारासुद्धा विकेल.

"या नंदूभाई, या! बघा, कसा नवरीसारखा उभा आहे."

"काका, तुम्ही का विकताय?" ओवीने स्लाइड नंबर बावीस काढली, 'विकण्याचं खरं कारण'.

"काय सांगू गो. हमिदा एक रात्र झोपली आत. सकाळी म्हणाली, मी किंवा हा. मी एक दिवस विचार करायला मागितला, त्याचाच राग अजून गेला नाय."

ओवी कामाला लागली. तिने कापडी भिंती बोटांनी चाचपल्या, भोकं शोधली, शिवणी बघितल्या. छप्पर स्वतः ढकलून बघितलं. एसीच्या वजनामुळे ते एकटीला उचलेना, बाबांना खांदा द्यावा लागला. तिने लिहून घेतलं, 'छतावर जे ठेवाल ते दर वेळी तुम्हालाच उचलायचंय.' कुलपं बघितली, पिकअपला बांधायच्या साखळ्या बघितल्या. मग कंबरेवर हात ठेवून विचारलं, "काका, याचा सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी कुठे आहे?"

"आतच आहे गो," काका म्हणाले. "सिंकच्या खाली बघ, सगळं सामान तिथंच ठेवलंय."

आत एकच गडबड होती. वास. कापडी भिंतींनी दोन वर्षांत जहूरकाकांनी तळलेला प्रत्येक बांगडा लक्षात ठेवला होता.

"कापड वास धरतं, स्लाइड सतरा," ओवी म्हणाली.

"समुद्रावरच जायचंय ना?" बाबा म्हणाले. "तिथे काय मोगऱ्याचा वास येणार आहे?"

पण खरा चमत्कार वरच्या गादीवर झाला. आई कुरकुरत, "मला नाही जमायचं हे माकडासारखं," असं म्हणत दोन पायऱ्या चढून गादीवर आडवी झाली. आणि उठेना. पाच मिनिटं झाली. दहा झाली.

"वहिनी, जिवंत आहेस ना?" आत्याने विचारलं.

"बबीता," आतून आवाज आला, इतका मऊ की तो आईचा वाटेना, "माझी कंबर दुखत नाहीये. चार वर्षांत पहिल्यांदा."

ओवीने डोळे मिटले. तिला ती सकाळ दिसायलाच लागली. अगदी कोपऱ्यात आईचा तवासुद्धा.

मग पिकअप उलटी घेत कॅम्परच्या पोटाखाली आणली. काकांनी लोखंडी पाय हळूहळू वर घेतले, साखळ्या आवळल्या. पंप चालतो हे दाखवायला टाकी आधीच काठोकाठ भरून ठेवली होती. घरचं सामान आत चढलं, लिंबांसकट. गाडी किंचित बसली, पण ऐटीत उभी राहिली.

"बघितलंत?" बाबा म्हणाले. "साडेआठशे म्हणजे साडेआठशे. जहूर, हात द्या, सौदा पक्का. पण आधी एक चक्कर. ओवी, तू खालून व्हिडिओ घे. प्रोजेक्ट लीड!"

मगरिबची अजान नुकतीच होऊन गेली होती, अंधारून आलं होतं. बाबा चाकामागे बसले, शेजारी जहूरकाका, मागे आई आणि आत्या. ओवीने फोन धरला.

आधी बाबा बसले. गाडी हं म्हणाली. काका बसले. गाडी हूं म्हणाली. आई आणि आत्या मागे बसल्या तेव्हा ती काहीच म्हणाली नाही. मांडी घालून जेवायला बसणाऱ्या माणसासारखी मागून खालीच गेली. मागच्या चाकांमागची चिखल अडवणारी रबरी झडप जमिनीला टेकली, नाक वर झालं आणि बाबांनी दिवे लावले, तर उजेड रस्त्यावर पडायच्या ऐवजी व्हिलाच्या पहिल्या मजल्याच्या खिडकीत जाऊन पडला. तिथे हमिदाभाभी दोरीवरचे कपडे काढत होत्या.

"कोण मेलं दिवा मारतंय?" त्या डोळ्यांवर टॉवेल धरून ओरडल्या. "या डब्यानं आता माझ्या खिडकीतपण यायचं ठरवलंय काय?"

गाडीतली चौघं हसली. त्यांना वाटलं, भाभी नेहमीचंच बोलतायत. आतून त्यांना काहीच दिसत नव्हतं. दिसत होतं फक्त ओवीला.

आणि तिच्या डोक्यात, एका क्षणात, चौतीस स्लाइड्स पत्त्यांसारख्या कोसळल्या. साडेआठशे म्हणजे गाडीत जे जे जाईल ते सगळं. कुकर, लिंबं आणि *माणसं*. तीन दिवस घरात सुईदोऱ्याचं वजन झालं होतं, पण माणसांचं करायचं कुणाला सुचलंच नव्हतं. सुचणार कसं? विमानतळावर बॅग तोलतात. माणूस कितीही जाड असो, त्याला कुणी काट्यावर उभं करत नाही. या घराने वजन शिकलंच होतं ते चेक-इनच्या रांगेत.

व्हिडिओ तिच्या हातात होता. डिलीट करायला एक अंगठा पुरे. गाडी चालली तर होतीच, मोडली कुठे होती? रस्त्यावर कितीतरी लोक याहून जास्त लादून फिरतात. आणि सौदा आत्ता मोडला, तर ती सकाळ गेली. ती 'हो' म्हणाली असती तर झालं होतं सगळं.

गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली. वळताना खोकं एका बाजूला असं झुकलं की ओवीने मोकळा हात सावरायला पुढे केला. मागच्या खिडकीत आई तिला हात हलवत होती. कंबर न दुखणारी, खूश आई.

गाडी परत आली तेव्हा ओवी अंगणाच्या मधोमध उभी होती.

"बाबा, मी नाही म्हणतेय."

"काय नाही?"

"कॅम्पर. नाही घ्यायचा." आणि तिने व्हिडिओ दाखवला.

बाबांनी तो दोनदा बघितला. "हे बघ ओवी, साडेआठशे आपणच मोजले ना?"

"माणसं सोडून."

"माणसं कोण मोजतं? विमानात मोजतात?"

"बाबा, हे विमान नाहीये! आपल्या हिशेबाप्रमाणे हे सगळं सामान मस्तपैकी वाळवंटात जाऊ शकतं. फक्त आपण यायचं नाही."

जहूरकाका हळूच म्हणाले, "ड्रायव्हर तरी लागेलच."

"तुम्ही गप्प बसा हो," वरून हमिदाभाभींचा आवाज आला, आणि पाठोपाठ त्या स्वतःच बाथरूममधला वजनाचा काटा घेऊन खाली उतरल्या. खिडकीतून त्यांनी सगळं ऐकलं होतं. "पोर बरोबर बोलते. चला, एकेक जण चढा."

बाबा चौऱ्याऐंशी. ओवी बावन्न. आई काट्याकडे बघत म्हणाली, "नंदू, तिकडे तोंड कर," आणि चढली. अडुसष्ट.

"मी अठ्ठावन्न," बबीताआत्या म्हणाली. ती काट्यापासून तीन हात दूर उभी होती.

बाबांनी फोनवर बेरीज मारली. त्यांचा चेहरा आधी पडला, मग विमानतळावरचं ते जुनं तेज त्यांच्यावर चढायला लागलं. "दोनशे बासष्ट जास्त. ठीक आहे! एसी काढू, थंडीत लागतो कशाला? पस्तीस गेले. टाकी रिकामी नेऊ, पाणी दुसऱ्या कुणाच्या गाडीत. ऐंशी गेले. सामान घरीच ठेवू. दीडशे गेले." त्यांनी हात वर केले. "दोनशे पासष्ट! तीन किलो उरले! नमिता, तीन किलो तुला!"

"म्हणजे पाणी नाही, पांघरूण नाही, तवा नाही," आई म्हणाली. "तिथे जाऊन काय करायचं, एकमेकांची तोंडं बघायची?"

"ॲडजस्ट होतं गं! ओवी, बसतंय बघ. आता तरी हो म्हण."

ओवीने मान हलवली. खरं तर तिला रडू यायला लागलं होतं, आणि डिबेट टीममध्ये रडण्याचं ट्रेनिंग देत नाहीत. बाबांचा हिशेब बरोबर होता. तिला हवा तसा होता. आणि तरीही, वळणावर झुकलेलं ते खोकं आठवून, ती नाहीच म्हणत होती, एकटीच.

आत्याने तिच्याकडे बघितलं. मग पिशवी आईच्या हातात दिली, चपला काढल्या, कानातले झुमकेसुद्धा काढले, आणि काट्यावर चढली.

एक्काहत्तर.

बाबांनी वाकून आकडा पुन्हा वाचला.

"तेरा किलो, बबीता?" बाबांना धक्काच बसला होता. "तेरा? अगं, तेरा किलो मीसुद्धा कधी लपवले नाहीत!"

"ते दवाखान्याच्या कार्डावर लिहिलेलं वजन आहे," आत्या ताठ मानेने म्हणाली. "लग्नाआधीचं. आणि आता एक अक्षर बोललास तर तुझ्या जॅकेटचे फोटो ग्रुपवर टाकीन. पोरगी खरं बोलतेय नंदूदादा. नाही बसत आपण. खलास."

बाबा पायरीवर बसले. मग म्हणाले, "प्रोजेक्ट लीड नाही म्हणालीय. नाही म्हणजे नाही. जहूर, माफ करा."

"अहो माफी कसली," जहूरकाका म्हणाले, पण त्यांची नजर हमिदाभाभींकडे होती, आणि त्या नजरेत एका माणसाचा पुढचा अख्खा हिवाळा होता.

कॅम्पर पुन्हा चार पायांवर उभा राहिला. सामान उतरलं. पिकअपची पाठ मोकळी झाली. गाडीने कंबर सरळ केली. तिच्याकडे बघता बघता आई एकदम म्हणाली, "जहूरभाई, ती वरची गादी किती किलोची?"

"गादी? असेल बारा-चौदा."

"नुसती गादी द्याल?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"म्हणजे काय," आई म्हणाली, "मला त्या डब्याचं काय कौतुक आहे? माझी कंबर गादीनं दुखायची थांबली. ती पिकअपमध्ये टाका, मागचा फाळका खाली पाडा, वर ताडपत्री बांधा. बसत नाही का, ओवी? तूच सांग."

ओवीने नाकावरून हात फिरवला. "चौदा अधिक दोनशे पंचाहत्तर," ती म्हणाली. "आई, बसतंय. पाणी, तवा, सगळं बसतंय. वर तीनशेहून जास्त उरतायत."

"अरे देवा," बाबा म्हणाले. "आता ही पाटा-वरवंटा घेणार."

"आणि टॉयलेट?" आत्याने विचारलं.

"ते माझ्यातर्फे फुकट," हमिदाभाभी म्हणाल्या आणि आतून घडीचं टॉयलेट आणि त्याचा उभा तंबू आणून गादीवर आपटला. "हे घरातून गेलं तरी अर्धी शांती."

पुढच्या गुरुवारी समुद्राकाठच्या झकरीतच्या बाजूला, वाऱ्याच्या आडोशाला, पिकअप उभी राहिली. आई आणि आत्या गादीवर, मधल्या फटीत ओवी, बाबा पुढच्या सीटवर पाय डॅशबोर्डवर टाकून. गादीला बांगड्याचा वास होता. रात्रभर एका हिशेबी मांजराने गाडीला फेऱ्या मारल्या. पहाटे दव असं पडलं की ताडपत्री ठिबकायला लागली, नेमकी ओवीच्या कानात.

म्हणून ती उठून फाळक्यावर येऊन बसली. पाय खाली सोडून, तीन स्वेटर आणि बाबांचं ते जॅकेट घालून. जॅकेटच्या खिशात एक जुना बदाम सापडला, तो तिने खाल्ला.

आधी सगळं राखाडी होतं. मग वाळूची एकेक घडी दिसायला लागली, जणू कुणी अंधारात चादर झटकून अंथरत होतं. लांबवर पाण्याची एक बारीक रेघ उजळली. वारा नव्हता, गाडी नव्हती, पंखा नव्हता. जियाने सांगितलं होतं तसंच होतं, आणि तरी तिने सांगितलं होतं तसं मुळीच नव्हतं. सूर्य वर आला तेव्हा त्याला कुणी यल्ला म्हटलेलं दिसत नव्हतं.

ओवीने यासाठी एक भाषण तयार ठेवलं होतं. ते तिला आठवलंच नाही.

मागे ताडपत्री सळसळली. आत्याचं विस्कटलेलं डोकं बाहेर आलं. तिने ओवीच्या पाठीकडे एक मिनिट बघितलं, मग दोन मिनिटं, आणि मग घाबरून आईला कोपराने ढोसलं.

"वहिनी, ऊठ गं. ओवी बोलत नाहीये. ताप आहे का बघ."

आईने एक डोळा उघडला, पोरीकडे बघितलं, आणि पांघरूण पुन्हा डोक्यावर ओढून घेतलं.

"शू," ती म्हणाली. "नोव्हेंबरपासून पहिल्यांदा. हात लावू नकोस."